कासवं वाचली, अभिनंदन!

प्रति,
ब्रिटनचं परराष्ट्र खातं,
किंग चार्ल्स स्ट्रीट, लंडन

स. न. वि. वि.

पत्र मंत्र्यांच्या नावानेच लिहिणार होतो. पण सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२५ एवढ्यात तुमच्या खुर्चीवर पाच नवे मंत्री येऊन बसले. पाकिटावर नाव घालावं आणि पोस्टात पडेपर्यंत ते माजी व्हावं, हे काही बरं नाही. खातं मात्र तेच आहे, फायलीही त्याच आहेत. मला बोलायचंय ते त्या फायलींशीच.

विषय चागोस बेटांचा. तुम्हाला तो पाठ आहे, पण खुलं पत्र म्हटलं की शेजारीपाजारीही कान देणार, तेव्हा थोडं त्यांच्यासाठी. नकाशात मुंबईवर बोट ठेवायचं आणि सरळ खाली यायचं. आधी लक्षद्वीप लागतं, मग मालदीव, मग विषुववृत्त ओलांडून सातव्या अंशाच्या आसपास पाण्यात साठेक बेटांचा पुंजका दिसतो. त्यातलं सगळ्यांत मोठं डिएगो गार्सिया, आणि तेही तीसेक चौरस किलोमीटरचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणून इथे नारळ लावले. नेपोलियनचा खेळ आटोपल्यावर, १८१४ च्या तहात, मॉरिशसबरोबर ही बेटंही तुमच्या पदरात पडली. गुलामगिरी उठल्यावर हिंदुस्थानातून काही मजूर गेले. मग दीडशे वर्षं माणसं तिथे खोबरं वाळवत, तेल काढत, क्रिओल बोलत, चर्चमध्ये लग्नं लावत आणि मागच्या दफनभूमीत आपली माणसं पुरत राहिली. वस्ती म्हणतात ती हीच, असा माझा समज. तुमच्या फायलींचा समज वेगळा आहे.

१९६५ साली जगभर तुमची दुकानं बंद होत होती. झेंडे उतरत होते, राजघराण्यातलं कुणीतरी पांढऱ्या हातमोज्यांनी हस्तांदोलन करून परतत होतं. अशा ऐन आवराआवरीत तुम्ही एक नवी कोरी वसाहत काढलीत, हे मला इतिहासातलं एक अजब धाडस वाटतं. मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम स्वातंत्र्याची बोलणी करायला लंडनला आले होते. २३ सप्टेंबरला पंतप्रधान विल्सन त्यांना भेटणार, त्याआधी सचिवांनी विल्सनना एक टिपण दिलं. त्याचा मथितार्थ असा, की या गृहस्थांना आशा दाखवून घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोस सोडलं नाही तर ते मिळणार नाही ही भीती. आमच्याकडे साम-दाम-दंड-भेद असे चार उपाय सांगतात. तुमच्या सचिवांनी दोन-तीन एकाच वाक्यात बसवले. रामगुलामांनी मान तुकवली, तीस लाख पौंड ठरले, आणि ८ नोव्हेंबरला 'ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी' जन्माला आली. वसाहतीचे तुकडे पाडून स्वातंत्र्य देऊ नये, असं संयुक्त राष्ट्रांनी पाच वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. मॉरिशस १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झालं. दांडीयात्रेचा दिवस म्हणून तो निवडला होता, आणि तोवर बेटं गेलेली होती.

आता कासवांकडे येतो, कारण अभिनंदन त्यांच्यासाठी आहे.

या नव्या वसाहतीत सेशेल्सकडून काढलेलं अल्दाब्रा नावाचं बेटही घातलं होतं. तुमच्या हवाई दलाला तिथे विमानतळ हवा होता. पण अल्दाब्रावर महाकाय कासवं होती, न उडणारा एक दुर्मीळ पक्षी होता, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारे लोक लंडनमध्ये होते. रॉयल सोसायटीचे शास्त्रज्ञ उठले, अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था उठली, वर्तमानपत्रांत पत्रं आली, पार्लमेंटात प्रश्नांचा मारा झाला. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, खर्चाला कात्री लागली आणि विमानतळ बारगळला. कासवांना नेमकं कुणी वाचवलं, शास्त्रज्ञांनी की तिजोरीने, यावर वाद होऊ शकतो. पण ती वाचली. आजही तिथे चरतायत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

पाठोपाठ तळासाठी पक्कं झालं डिएगो गार्सिया. तिथे कासवांच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिथे माणसं होती.

माणसांची अडचण कायद्याची होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ७३ वं कलम सांगतं, की ज्या प्रदेशातल्या लोकांना अजून स्वराज्य मिळालेलं नाही, त्यांचं हित पाहायचं आणि त्याचा अहवाल नियमित द्यायचा. म्हणजे लोक असले तर अहवाल आला, अहवाल आला तर प्रश्न आले. यावर तुमच्या खात्याने काढलेला तोडगा इतका सोपा आहे की त्याला दाद द्यावी लागते: लोकच नाहीत म्हणायचं. जे आहेत ते कंत्राटी मजूर, आज इथे तर उद्या तिथे. पाच पिढ्यांच्या थडग्यांचं काय, तर थडगी अहवाल मागत नाहीत. १९७० मध्ये तुमच्याच एका कायदा सल्लागाराने यावर टिपण लिहिलं, त्यात हे कल्पित टिकवून ठेवण्याची भाषा उघडपणे आहे. कारकुनी प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. खोटं बोलायचं, पण फायलीत ते खोटं आहे अशी नोंद ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाचा गोंधळ नको.

१९६६ च्या ऑगस्टमधली एक शेराबाजी तर मी कितीदा वाचली असेल. खात्याचे सर्वोच्च सचिव लिहितात, की आपल्याला काही खडक हवेत आणि ते आपलेच राहायला हवेत; तिथे मूळ रहिवासी कुणी नसतील, समुद्रपक्षी सोडून, आणि त्यांची अजून समिती झालेली नाही. त्यांच्या हाताखालचा अधिकारी खाली भर घालतो, की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर थोडे टारझन आणि मॅन फ्रायडेही आहेत, त्यांना मॉरिशसच्या गळ्यात घालायचं चाललंय. दोघेही पुढे लॉर्ड झाले. शेऱ्यातला विनोद वाईट नाही, हे मी एक लेखनकामाठी करणारा म्हणून कबूल करतो. फक्त त्याच सुमारास अल्दाब्राच्या पक्ष्यांची समिती झाली होती, एवढी दुरुस्ती करून घ्या.

बदल्यात काय मिळालं? अमेरिकेशी ३० डिसेंबर १९६६ ला पत्रव्यवहाराच्या रूपाने करार झाला: पन्नास वर्षं बेट वापरा, वर वीस वर्षांची सोय. भाडं नाही. गुपचूप एवढंच, की पोलारिस क्षेपणास्त्रांच्या हिशेबात तुम्हाला एक कोटी चाळीस लाख डॉलरांची सूट मिळाली. ना ती तुमच्या पार्लमेंटला सांगितली, ना त्यांच्या काँग्रेसला.

मग साफसफाई सुरू झाली. जे कुणी दवाखान्यासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेले होते, त्यांना परतीच्या बोटीपाशी सांगण्यात आलं की बेट विकलं गेलंय, आता बोट नाही. १९७१ मध्ये डिएगो गार्सियावरची कुत्री मारायचा हुकूम निघाला. गोळ्या घातल्या, विष घातलं, तरी पुरेना. शेवटी खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मालक तिथेच होते. मग मालकांना बोटीत घातलं. शेवटची बेटं १९७३ मध्ये रिकामी झाली. दीड-दोन हजार माणसं मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरली, हातात एखादी पेटी आणि अंगात नारळाच्या मळ्यापलीकडे दुसरं कौशल्य नाही.

या शेवटच्या बोटींपैकी एकीवर लिझबी एलिझे होत्या. त्या वेळी वय वीस, चौथा महिना. सप्टेंबर २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांची साक्ष पडद्यावर दाखवली गेली. लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्या क्रिओलमध्ये बोलल्या. बोटीत जनावरांसारखं, गुलामांसारखं कोंबलं होतं. चार दिवसांनी मॉरिशस आलं. पुढे मूल जन्मलं आणि गेलं. ते का गेलं, हेही त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. तुमचे वकील समोरच बसले होते. इतक्या वर्षांत तुमच्या खात्याने जी लोकसंख्या शून्य लिहिली होती, त्यातली एक बाई बोलत होती.

नुकसानभरपाई दिलीत, नाही असं नाही. १९७२ मध्ये साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारच्या हाती. ते लोकांपर्यंत पोचायला वर्षं लागली. १९८२ मध्ये आणखी चाळीस लाख, त्यासोबत परतण्याचा हक्क सोडल्याचा इंग्रजी कागद आणि खाली अंगठा. ज्या वर्षी हा अंगठा घेतलात, त्याच वर्षी फॉकलंडच्या सुमारे अठराशे रहिवाशांच्या इच्छेसाठी तुम्ही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आरमार पाठवलंत. बेटावरच्या माणसांना विचारल्याशिवाय बेटाचं भविष्य ठरवता येत नाही, असं श्रीमती थॅचर यांचं म्हणणं होतं. तत्त्व उत्तम आहे. त्याला अक्षांश-रेखांशांची अट आहे, हे तेव्हाच जाहीर केलं असतं तर बरं.

२००० साली तुमच्याच उच्च न्यायालयाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली. २००४ मध्ये पार्लमेंटला वळसा घालून राणीच्या हुकमाने दार पुन्हा लावलंत. २००८ मध्ये लॉर्ड न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोनने ते लावणं मान्य केलं. २०१० मध्ये, तारीख १ एप्रिल, हा मुद्दाम केलेला विनोद नसावा, चागोसभोवतीचा पाच लाखांहून जास्त चौरस किलोमीटर समुद्र तुम्ही सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलात. प्रवाळ वाचले पाहिजेत, मासे वाचले पाहिजेत. कोण नाही म्हणेल? मग विकिलीक्सने अमेरिकी दूतावासाची एक तार बाहेर काढली. तुमच्या अधिकाऱ्याने त्यांना २००९ मध्येच समजावलं होतं, की अभयारण्य झालं की माजी रहिवाशांना परतीचा दावा पुढे नेणं अवघड जाईल, आणि बेटांवर मॅन फ्रायडेंच्या पाऊलखुणा राहणार नाहीत. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी, तोच फ्रायडे! खात्याची स्मरणशक्ती दांडगी आहे, एवढंच म्हणतो. अमेरिकी सैनिक डिएगो गार्सियाला लाडाने 'फुटप्रिंट ऑफ फ्रीडम' म्हणतात, तेव्हा पाऊलखुणा सरसकट निषिद्ध नाहीत. २०१५ मध्ये लवादाने तुमचं अभयारण्य जाहीर करणंच समुद्री कायद्याला धरून नव्हतं, असा निकाल दिला.

एक कौतुक राहून जातंय. ज्या प्रदेशात माणूस राहत नाही, त्याला स्वतःची पोस्टाची तिकिटं आहेत, स्वतःचं सर्वोच्च न्यायालय आहे, आणि इंटरनेटवर स्वतःचा पत्ता आहे: डॉट आयओ. पुण्यातल्या बाणेर-हिंजवडीकडच्या कितीतरी उत्साही स्टार्टअपच्या नावामागे तो मिरवतो. चागोसवाल्यांना त्यातून काय मिळतं हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला मला दिसला नाही. न्यायालय मात्र एकदा खरंच कामी आलं. २०२१ मध्ये श्रीलंकेच्या तमिळांची एक बोट संकटात सापडून डिएगो गार्सियाला लागली. त्यांना तुम्ही कुंपण घालून तीन वर्षं ठेवलंत. तुमच्याच त्या न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. बेटावर राहू द्यायचं नाही त्यांना हाकललंत, आणि निघायची घाई होती त्यांना कोंडलंत.

आता भाड्याचं. मुंबईकर म्हणून यावर बोलायचा मला खास हक्क आहे. पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात तुमच्या राजाला मुंबई मिळाली, आणि १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकली. योगायोगाने तुमच्या आजच्या राजासारखा तोही चार्ल्सच. २२ मे २०२५ ला तुम्ही मॉरिशसशी सही केलेल्या करारात सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सिया ९९ वर्षं तुमच्याकडे, आणि त्यापोटी वर्षाला सरासरी दहा कोटी दहा लाख पौंड. अमेरिका तळ चालवणार, तळाचा खर्च करणार. जागेचं भाडं भरणार तुम्ही. आमच्याकडे पागडीच्या चाळींत मूळ भाडेकरू पोटभाडेकरू ठेवून त्याच्याकडून वरचे पैसे काढतो. पोटभाडेकरूला फुकट ठेवून मालकाला स्वतःच्या खिशातून भाडं देणारा भाडेकरू मी गिरगावात तरी पाहिलेला नाही. एकूण रक्कम किती, तर तुमचं सरकार आजच्या मोलाने ३.४ अब्ज पौंड सांगतं, विरोधक तीस अब्जांच्या वर. करार तोच, मोजणारा बदलला की भाडं दसपट.

सही करणारे मॉरिशसचे पंतप्रधान नवीन रामगुलाम, म्हणजे १९६५ मध्ये आशेने घाबरवलेल्या शिवसागर रामगुलामांचे चिरंजीव. बापाने सोडलेलं परत मिळवण्याच्या करारावर साठ वर्षांनी लेकाची सही, हे कुठल्याही कौटुंबिक मालिकेला शोभेल. पण ज्यांची घरं होती त्यांना या मालिकेत भूमिका नाही. डिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन स्त्रिया आदल्या रात्री तुमच्या उच्च न्यायालयात गेल्या. पहाटे स्थगिती मिळाली, दुपारपर्यंत ती उठली, आणि त्याच दिवशी सह्या झाल्या. त्यांचं म्हणणं, आम्हाला मॉरिशसच्या हवाली करताना विचारा तरी. ऑलिव्हियर बँकूलसारखे दुसरे नेते करार स्वीकारा म्हणतात. त्यांच्यात मतभेद आहेत म्हणून त्यांना बोलावलं नाही, असं उत्तर देऊ नका. मतभेद असणारे लोक बोलणीला चालत नसतील तर तुमचं पार्लमेंट कधीच बंद करावं लागलं असतं.

मॉरिशसही काही संत नाही. निर्वासितांना त्याने पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत दशकानुदशकं कुजत ठेवलं, आणि २०२१ मध्ये कायदा केला, की चागोस मॉरिशसचं नाही असं भासवणं हा गुन्हा. तिकडे वॉशिंग्टनमध्ये ज्या प्रशासनाने मे २०२५ मध्ये कराराचं स्वागत केलं, त्याच्याच राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२६ मध्ये तो महामूर्खपणा ठरवला. कारण त्यांना तेव्हा ग्रीनलंड हवं होतं आणि दाखला म्हणून चागोस हाताशी होतं.

आमच्या दिल्लीचंही झाकून ठेवत नाही. इंदिरा गांधींच्या काळात हिंदी महासागर शांतताक्षेत्र व्हावा म्हणून आम्ही घसा कोरडा केला. संयुक्त राष्ट्रांचा तसा ठराव मंजूर झाला तो दिवस १६ डिसेंबर १९७१. ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली आणि अमेरिकेचं विमानवाहू जहाज 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागराकडे पाठवलेलं होतं, तो. आज आम्ही मॉरिशसच्या बाजूने मत देतो आणि तळ राहणार म्हणून सुटकेचा श्वासही टाकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसच्याच अगालेगा बेटांवर भारताने बांधलेली धावपट्टी आणि जेटी सुरू झाली. तिथे तीनशेच्या आसपास माणसं राहतात, आणि त्यांच्यातल्या काहींना डिएगो गार्सियाची आठवण होते. त्यांना कुणी हलवणार नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. मी विश्वास ठेवतो. त्यांना तो ठेवायला सांगायची हिंमत मात्र होत नाही.

तेव्हा मागणी थोडकी आहे. या करारानुसार मॉरिशस बाकीच्या बेटांवर लोक वसवू शकतं, डिएगो गार्सियावर नाही. आणि पुष्कळांची घरं तिथेच होती. त्याच बेटावर फिलिपाइन्सहून आलेला स्वयंपाकी राहतो, कंत्राटदाराचा प्लंबर राहतो, अमेरिकी सैनिक बाराही महिने राहतो. त्यांच्यामुळे सुरक्षेला धोका नाही. धोका आहे तो पंचाहत्तर वर्षांच्या, तिथेच जन्मलेल्या बाईमुळे. ही गोष्ट कोणत्या सेनाधिकाऱ्याने, कोणत्या अभ्यासावरून ठरवली, ते एकदा नावानिशी सांगा. आणि ९९ वर्षांच्या कागदावर आणखी काही जोडाल तेव्हा त्या लोकांना खोलीत बसवा. तुमच्याच इमारतीत जुन्या इंडिया ऑफिसचा तो देखणा दरबार कोर्ट आहे; जागेची अडचण नाही.

उत्तर मला पाठवू नका. चागोसवाल्यांतले पुष्कळ जण तुमचं नागरिकत्व घेऊन गॅटविक विमानतळाशेजारी क्रॉली गावात राहतात, लंडनहून रेल्वेने तासाभरावर. तिथे जाऊन द्या, आणि क्रिओलमध्ये द्या. दुभाषा त्यांच्याकडे मिळेल.

कळावे,
मुंबईचा एक वाचक